अंथरुणाशेजारचे श्रम

रात्री दोनचा सुमार. ब्रिटनमधील एखाद्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, दोघीजणी पाय न वाजवता एका खोलीत शिरतात. खाटेवरचा वृद्ध दोन दिवसांपासून बोललेला नाही. डोळेही उघडत नाही. तरीही त्यातली एक त्याच्या कानाशी वाकून सांगते, की आता त्याला डाव्या कुशीवर वळवायचे आहे. मग दोघी मिळून त्याच्याखालची घसरचादर ओढतात, पाठीला उशीचा टेकू देतात, घोटा घोट्यावर घासू नये म्हणून मध्ये मऊ घडी ठेवतात आणि ओल्या बोळ्याने त्याचे कोरडे ओठ टिपतात. या दोघी परिचारिका नाहीत. त्यांच्या हुद्द्याचे नाव आहे ‘हेल्थकेअर असिस्टंट’. आपल्याकडील रुग्णालयात अशा बाईला ‘मावशी’ म्हणून हाक मारतात आणि तिचे नाव विचारण्याचे सहसा कुणाला सुचत नाही.

उपशामक शुश्रूषेचा इतिहास सांगताना डेम सिसिली सॉन्डर्स यांचे नाव प्रथम येते, आणि ते रास्तच आहे. आधी परिचारिका, पुढे रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेरीस डॉक्टर अशा तीन पायऱ्या चढून गेलेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. १९४८ साली मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू रुग्णाने या कार्यासाठी त्यांना पाचशे पौंड ठेवले होते. त्या बीजातून हे झाड उगवायला एकोणीस वर्षे लागली. वेदना असह्य झाल्यावर औषध द्यायचे नाही, तर ती डोके वर काढण्यापूर्वीच ठरावीक वेळेस द्यायचे, हे सूत्र त्यांनी रुजवले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, तीत मनाचे, कुटुंबाचे, पैशाचे आणि श्रद्धेचेही दुखणे मिसळलेले असते, असे त्या मानीत. परंतु ही व्यापक वेदना दिवसाचे चोवीस तास पाहणार कोण? डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची. परिचारिकेकडे औषधांची किल्ली, नोंदी आणि अनेक खाटा. उरलेला वेळ, म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ, या साहाय्यिकेच्या वाट्याला येतो.

तिचे काम वरवर पाहता साधे वाटते: अंग पुसणे, कपडे बदलणे, शय्याव्रण होऊ नये म्हणून कूस पालटणे, मलमूत्राची व्यवस्था, घासभर भरवणे. पण यातल्या प्रत्येक कृतीत निर्णय दडलेला असतो. अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. आग्रहाने भरवलेला घास तेव्हा घशात अडकतो आणि ठसका लागतो. न खाल्ल्यामुळे माणूस खंगतो आहे असे मुलीला वाटत असते. वस्तुतः तो जाण्याच्या वाटेवर असल्यामुळेच खात नाही, हे तिला न दुखावता समजावून सांगावे लागते, आणि पुष्कळदा ते सांगणारी हीच बाई असते. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना ती कपाळावरच्या आठीवरून, आवळलेल्या मुठीवरून, कूस पालटताना निघालेल्या कण्हण्यावरून ओळखते व परिचारिकेला कळवते. स्वतः ती मॉर्फीनचा थेंबही देऊ शकत नाही. तथापि तो वेळेवर मिळेल की नाही, हे तिच्या नजरेवर अवलंबून असते. श्वासाची लय बदलली, मध्येच तो थांबून पुन्हा सुरू होऊ लागला, पावले गार पडून त्यांवर निळसर जाळी उमटली, म्हणजे नातेवाइकांना बोलावण्याची वेळ आली, हे तिला अनुभवाने कळते. आणि सारे संपल्यावर देहाला अखेरचे स्नान घालणारे हातही बहुधा तिचेच. त्याही वेळी नावाने हाक मारून, आता काय करीत आहोत ते त्या देहाला सांगण्याची रीत पुष्कळजणी पाळतात.

अशा कामाची किंमत बाजार कशी ठरवतो? विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली विल्यम बोवेन यांच्यासमवेत नाट्य-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. कारखान्यातील उत्पादकता मात्र अनेक पटींनी वाढते. परिणामी जिथे माणसाचा वेळ हीच सेवा असते, ती सेवा तुलनेने महाग होत जाते. मरणाऱ्या माणसाला कुशीवर वळवण्याचे कामही याच जातीचे. ते घाईने केले तर उत्पादकता वाढत नाही, कातडी सोलवटते. यावर समाजापुढे दोनच मार्ग उरतात: अधिक पैसा देणे, किंवा ते काम ‘अकुशल’ ठरवून करणारीला कमी देणे. बहुतेक समाजांनी दुसरा मार्ग बिनबोभाट पत्करलेला दिसतो.

ब्रिटनही त्याला अपवाद नाही. तेथे २०१३ च्या कॅव्हेंडिश अहवालानंतर, २०१५ पासून साहाय्यकांसाठी पंधरा कसोट्यांचे ‘केअर सर्टिफिकेट’ आले. प्रशिक्षणाला काहीएक आकार मिळाला. हॉस्पिस मात्र मुख्यतः धर्मादाय संस्था आहेत. रुग्णाकडून त्या पैसे घेत नाहीत आणि प्रौढांच्या हॉस्पिसांना सरकारकडून खर्चाचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा मिळतो. उरलेला पैसा मृत्युपत्रांतून, शर्यतींतून आणि जुने कपडे, पुस्तके, कपबश्या विकणाऱ्या दुकानांतून उभा राहतो. कुणाच्या तरी आजोबांचा जुना कोट विकून कुणाच्या तरी आजीची रात्रपाळी भागवायची, असा हा हिशेब! एप्रिल २०२५ मध्ये मालकांच्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला आणि धर्मादाय संस्थांना त्यातून सूट मिळाली नाही. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, इंग्लंडमधील हॉस्पिसांसाठी दहा कोटी पौंड जाहीर झाले होते खरे. पण ते इमारती आणि साधनसामग्रीसाठी. पगारासाठी नव्हेत. सरकारांना भिंती दिसतात, हात दिसत नाहीत.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ते ओळखले जाते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. केरळात १९९३ साली कालिकतला सुरू झालेले काम पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत स्वयंसेवकांनी घराघरांत नेले आणि २००८ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरणच स्वीकारले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती गाठ कायद्यापुरती सैल झाली. पण जगात ज्यांना या शुश्रूषेची गरज आहे, त्यांपैकी सुमारे चौदा टक्क्यांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; आणि आपल्यासारख्या देशांत तर मरण बहुधा घरीच, सुनेच्या किंवा मुलीच्या हातांवर येते.

घरातील हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. आर्थर पिगू यांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते, की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेवढेच राहूनही राष्ट्राचे उत्पन्न घटते. शहरांतून आता उलटी प्रक्रिया चालू आहे. मुलगा परदेशी, सून नोकरीला. मग ‘ब्युरो’कडून बारा तासांची बाई आणली जाते. राष्ट्रीय उत्पन्न वाढते, निदान वाढायला हवे. ब्युरो आपले कमिशन कापून घेतो. त्या बाईला शय्याव्रणाची पहिली लाली ओळखायला कुणी शिकवलेले असतेच असे नाही. चार घरांत पाहून ती शिकते आणि विस्मयकारक वाटावे इतके चांगले शिकते. ज्या वृद्धाचे अंग तिने आठ महिने पुसले, तो एखाद्या पहाटे जातो. नातेवाईक जमतात, दूरध्वनी सुरू होतात, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते, कारण बसावे कुठे हे तिला कळत नाही. तिची हजेरी त्या दिवसापर्यंतच लागते. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ब्युरोचा निरोप येतो: दुसऱ्या टोकाच्या उपनगरात एक पेशंट आहे, रात्रपाळी, आजच जायचे.