गुडघ्याचं वंगण आणि इतर ऐकीव गोष्टी

साठीतल्या माणसानं गुडघा धरला की घरात कुणीतरी म्हणतंच, "वंगण संपलं. आता चालणं कमी करा." निदानही चूक आणि उपायही.

सांध्यातला द्रव डब्यातल्या तेलासारखा एकदाच भरलेला नसतो. सांध्याचं आतलं अस्तर तो सतत तयार करतं. निरोगी गुडघ्यात तो असतोच जेमतेम ३-४ मिलिलिटर. संधिवातात तो पातळ होतो, पण संपत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर तो इतका वाढतो की कधीकधी सुईनं काढावा लागतो. खरी हानी होते ती हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोषण मिळतं ते याच द्रवातून, आणि तो आत-बाहेर खेळण्यासाठी सांध्यावर भार पडावा आणि उतरावा लागतो. म्हणजे चालणं बंद केलं की कूर्चेची उपासमार. शिवाय गुडघ्याला सावरणारा मांडीचा स्नायू बसून बसून बारीक होतो तो वेगळाच. सपाटीवर चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. म्हणून वजन उतरवणं आणि मांडीचे व्यायाम हे उपचारात पहिले. मलमं आणि पट्टे नंतर.

हाडाचंही तेच. दूध-नाचणी हवीच, पण कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे हाडात बसलं असं नाही. हाड जिवंत आहे: काही पेशी जुनं पोखरतात, काही नवं भरतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. भार नसेल तर पोखरणं वरचढ ठरतं. अंतराळात पुरेसा व्यायाम न केल्यास अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला १ टक्क्याच्या आसपास घटते.

बोटं मोडल्यानं संधिवात होतो, हे आजीचं पेटंट वाक्य. आवाज हाडांचा नसतो. सांधा ताणला की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात दोन्ही हातांना नव्हता. २००९मध्ये त्याला इग नोबेल मिळालं. एका माणसाचा पुरावा तो केवढा, पण मोठ्या पाहण्यांतही असा संबंध आढळलेला नाही.

सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्याचा दोष लॅक्टिक आम्लाकडे जातो. ते तर तासा-दोन तासांत निवळतं. उतरताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि तीच दुखते.

कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्यातून 'ड' जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. बंद खिडकीची काचही ते अडवते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं थोडं ऊन कामाचं, अर्थात त्वचा भाजेपर्यंत नव्हे.

मात्र सांधा अचानक सुजला, गरम लागला, सोबत ताप आला किंवा पडल्यावर पायावर उभंच राहता येईना, तर व्यायामही नको आणि तेल चोळणंही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.