२५ पौंडांची चिनी गुंडाळी

१९०३ साली ब्रिटिश म्युझियमनं बंगाल लान्सर्समधल्या कॅप्टन जॉन्सन यांच्याकडून एक रेशमी चित्रगुंडाळी अवघ्या २५ पौंडांना विकत घेतली. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या वेळी ते चीनमध्ये होते. तिचं खरं मोल पुढे लॉरेन्स बिन्यन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ओळखलं.

इ.स. २९२ मध्ये झांग हुआ या कवीनं राजवाड्यातल्या स्त्रियांच्या वर्तनावर एक उपदेशपर रचना केली. गुंडाळीतली चित्रं त्या रचनेवर बेतलेली आहेत. एका प्रसंगात अस्वल सम्राटाच्या अंगावर धावून येतं आणि फेंग नावाची स्त्री निधड्या छातीनं आडवी उभी राहते. दुसऱ्यात दासी एका स्त्रीचे केस विंचरतेय. शेजारी आरशात बघणाऱ्या स्त्रीचा चेहरा आपल्याला दिसतो तो आरशातच!

चित्रकार कोण? परंपरा चौथ्या शतकातल्या गू काइझीचं नाव घेते. अनेक अभ्यासक मात्र ही नंतरची प्रत मानतात.

संशोधकांना मोठा आधार मिळतो तो लाल शिक्क्यांचा. संग्राहक आपला शिक्का थेट चित्रावर उमटवत, त्यामुळे गुंडाळी कुणाकुणाच्या हातांतून गेली याचा माग लागतो. अठराव्या शतकातल्या छ्यानलोंग सम्राटानं तर शिक्क्यांसोबत स्वतः काढलेलं ऑर्किडही जोडलंय.

आज मूळच्या बारापैकी नऊच प्रसंग उरलेत. बीजिंगच्या पॅलेस म्युझियममधल्या सोंग राजवंशाच्या काळातल्या प्रतीत मात्र हरवलेले तिन्ही प्रसंग पाहायला मिळतात.