सरपटी चेंडू

कर्जतेस उतरून राजमाचीच्या पायथ्याची वाट धरिली म्हणजे कोंडाणे लागतें. तेथें जाणारा बहुतेक पाहुणा लेणीं पाहावयास जातो, आणि तें योग्यच आहे. लांकडी घराची ठेवण दगडांत हुबेहूब उतरविणाऱ्या सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या पाथरवटांचें तें काम आहे. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें त्या बाजूच्या भातखाचरांविषयीं, आणि त्यांत चेंडू खेळणाऱ्या मुलांविषयीं.

भात कापून झालें कीं खाचर मुलांच्या ताब्यांत येतें. पावसाळ्यांत चिखल केलेली ती जमीन आतां वाळून टणक झालेली असते. तिला भेगा पडलेल्या असतात, आणि कापलेल्या भाताचीं धसकटें चार चार बोटें वर राहिलेलीं असतात. अशा जमिनीवरून येणारा चेंडू सरळ म्हणून येत नाहीं. धसकटाला लागून तो एकदम हनुवटीपर्यंत उसळतो, नाहीं तर भेगेंत शिरून दबतो. एका हिवाळ्यांत बांधावर बसून मीं असा खेळ पाहिला. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दूर उभा होता. चेंडू त्याच्याकडे निघाला आणि मोठीं मुलें ओरडलीं, "अरे वाक, वाक!" मुलगा वाकला, अगदीं आज्ञेप्रमाणें वाकला. तरी चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून निघून गेला, आणि तो तसाच वाकलेल्या स्थितींत मागें पाहत राहिला. मग सर्वांनीं त्याला बोल लावला. माझ्या मतें बोल लावावयाचा तर "वाक" म्हणणारांस लावावयास हवा होता.

वाकणें आणि खालीं येणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. आवणीच्या दिवसांत ह्याच खाचरांत बायामाणसें दिवसभर रोपें लावतात. गुडघे जवळजवळ ताठ, कंबर मोडलेली, नजर पायांपुढच्या चिखलावर. त्या कामाला ती ठेवण चालते, कारण रोप कोठें पळून जात नाहीं. चेंडू पळतो. कंबरेंत वाकलेल्या मुलाचें डोकें खालीं लोंबतें, त्यामुळें दुरून येणारा चेंडू त्याला दिसतच नाहीं. दिसतो तो अगदीं शेवटच्या क्षणीं. शिवाय शरीराचा तोल पुढें गेल्यामुळें डावीउजवीकडे पाऊल टाकतां येत नाहीं. दुसऱ्या टोकाला उकिडवें बसणें. तें आपल्या मुलांना सहज जमतें, पण टांचा टेकून पुरता बसलेला मुलगा जागचा हलूं शकत नाहीं. हवी ती ठेवण ह्या दोहोंच्या मधली: पाय खांद्यांहून थोडे अधिक फांकलेले, भार चवड्यांवर, गुडघे दुमडलेले, बूड खालीं, पाठ पुढें कललेली पण सरळ, आणि मान वर. हुतूतूंत चढाईला आलेल्या गड्याला घेरतांना मुलें जो पवित्रा आपण होऊन घेतात, तो ह्याच्या पुष्कळ जवळचा आहे. म्हणून "वाक" म्हणण्यापेक्षां "हुतूतूला उभा राहतोस तसा राहा" म्हटलें तर मुलाला लौकर कळतें.

ह्या पवित्र्याची सर्वांत अधिक निकड भासते ती सॉफ्टबॉल ह्या खेळांत. १८८७ सालीं शिकागो शहरांतील एका क्लबाच्या दालनांत मुष्टियुद्धाचा मोजा दोरीनें बांधून त्याचा चेंडू केला गेला, आणि झाडूच्या दांड्यानें तो टोलविण्यांत आला. तेथून हा खेळ निघाला. भारतांत त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ सालीं स्थापन झाली, आणि महाराष्ट्रांतील शाळांतून आज मुलगे व मुली दोघेही तो खेळतात. नांवावरून मात्र कोणीं फसूं नये. चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर १२ इंच, म्हणजे सुमारें ३० सेंटिमीटर, आणि वजन २०० ग्रॅमच्या आंतबाहेर. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून तो मोठाही आणि जडही.

आतां वेळेचा हिशोब पाहूं. एका बेसपासून दुसरा बेस ६० फुटांवर, म्हणजे १८ मीटरांहून किंचित् अधिक अंतरावर असतो. चपळ गडी हें अंतर तीन सेकंदांच्या आसपास धांवतो. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें टोलविलेला चेंडू सेकंदास २० मीटर जातो. जमिनीवर घासून तो मंदावतो असें धरलें तरी अडविणाऱ्याकडे पोंचावयास त्याला एक-दीड सेकंद लागतो. उरलेल्या तेवढ्याच वेळांत चेंडू मोज्यांतून काढावयाचा, पाय फिरवावयाचे आणि पहिल्या बेसवर फेंकावयाचा. क्रिकेटांत सीमेजवळचा गडी एक गुडघा जमिनीस टेकून पायाची भिंत करतो आणि चेंडू अडवितो. तेथें तें शहाणपणाचें आहे, कारण उठावयास अर्धा सेकंद अधिक लागला तर फार तर एक धांव जाईल. येथें गुडघा टेकला कीं गडी बेसवर पोंचलाच.

खालीं येण्याचें खरें कारण मात्र हातांच्या हालचालींत आहे. खालीं असलेला हात वर उचलणें सोपें. वर असलेला हात आयत्या वेळीं खालीं नेणें फार कठीण. चेंडू उसळला तर हात त्याच्याबरोबर वर येतो, आणि तोही चुकला तर मागें छाती आहेच. चेंडू दबला आणि मोजा वर असला, तर मात्र मागें कोणी नाहीं. म्हणून मोज्याचें टोंक आधींच मातीला लावावें, तळहात चेंडूकडे, पायांच्या बराच पुढें, म्हणजे चेंडू मोज्यांत शिरतांना डोळ्यांना दिसेल. दुसरा हात डबीच्या झांकणासारखा वरती. चेंडू आला कीं दोन्ही हात पोटाकडे हलकेच ओढून घ्यावे. कोंबडीचें अंडें कोणी फेंकलें तर आपण घेऊं तसे. डोळेही खालीं आल्यामुळें उसळीचा अंदाज येतो. उसळी जमिनीपासून उठतांनाच घ्यावी किंवा पुरी वर गेल्यावर घ्यावी. मधल्या उसळीवर चेंडू घेणें सर्वांत वाईट, आणि जागेवर खिळून राहणाऱ्या मुलाच्या वांट्याला नेमकी तीच येते.

इतकें सांगूनही मूल शेवटच्या क्षणीं वर उठतें. तेथें आळस नसतो, भीति असते. एकदां ओठावर चेंडू बसला कीं पुढच्या वेळीं तें मान फिरवितें, डोळे मिटतें, आणि मान फिरविल्यामुळेंच चेंडू गालावर किंवा कानावर बसतो. चेंडूकडे पाहणाऱ्याला तो सहसा तोंडावर लागत नाहीं, कारण हात डोळ्यांच्या मागोमाग जातात. हें मुलाला दटावून पटत नाहीं. किती तरी मुलें, आणि मुली तर विशेषच, ह्या एका धक्क्यानें मैदान सोडून जातात, आणि शिक्षक म्हणतात, तिला आवड नाहीं! अशा मुलाच्या हातांत प्रथम टेनिसचा चेंडू द्यावा, मोजा काढून ठेवावा, आणि चार पावलांवरून हातानें चेंडू सोडावा. लागला तरी दुखत नाहीं हें त्याच्या अंगाला कळलें पाहिजे. नंतर अंतर वाढवावें. खरा चेंडू सर्वांत शेवटीं.

दोन खांबांना मुलाच्या छातीइतक्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून डोकें न लागतां आडव्या पावलांनीं जावयास लावणें, हाही एक चांगला सराव. पण दहा-बारा खेपांपुढें तो ताणूं नये. मांड्या भरून आल्या कीं मूल आपोआप ताठ होतें आणि चुकीची संवय लागते. खेळांतही सारा वेळ खालीं राहावयाचें नसतें; चेंडू टाकणाऱ्याचा हात फिरूं लागला कीं उतरावयाचें, एरवीं गुडघ्यांवर हात ठेवून विसांवा घ्यावयाचा.

ह्या बाबतींत आपल्याकडील एक उदाहरण आठवतें. एकनाथ सोलकर हे मुंबईच्या हिंदु जिमखान्यावरील मैदान राखणाऱ्याचे चिरंजीव. फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, डोक्याला शिरस्त्राण न घालतां ते उभे राहत, आणि २७ कसोटी सामन्यांत त्यांनीं ५३ झेल घेतले. १९७१ सालीं ओव्हल मैदानावर ॲलन नॉट ह्यांचा झेल त्यांनीं पुढें झेंपावून जमिनीपासून थोड्याशाच अंतरावर टिपला. काम झेलांचें होतें, सरपटी चेंडूचें नव्हतें. पण चेंडू येईपर्यंत खालीं राहण्याचा गुण तोच.

राहिला प्रश्न जागेचा. कोंडाण्यासारख्या गांवीं मुलांना आरंभींच खाचरांत उतरवूं नये. शेजारीं मळणीचें खळें असतें. चोपून सारवलेलें, तळहातासारखें सपाट. मळणी उरकली असेल आणि घरधन्याची परवानगी असेल, तर पहिले पंधरा दिवस तेथें चेंडू घरंगळूं द्यावा. तेथें चेंडू फसवीत नाहीं, म्हणून मुलाला आपल्या गुडघ्यांकडे लक्ष देतां येतें. मोज्याचें टोंक प्रत्येक वेळीं शेणाच्या सारवणाला लागूं लागलें, म्हणजे मग धसकटांत जावें.