परीक्षा कोण घेतं?

चौथीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, 'आय टुक अ टेस्ट.' मी लाल पेनानं 'टुक' खोडून 'गेव्ह' केलं. म्हटलं, "अगं, परीक्षा बाई घेतात, तू देतेस!"

घरी आल्यावर मनात शंका आली. डिक्शनरी उघडली, तर काय! इंग्रजीत परीक्षा 'टेक' करतो तो विद्यार्थी आणि 'गिव्ह' करतात ते शिक्षक. आपल्या अगदी उलट! दुसऱ्या दिवशी माझी खोडाखोड मीच खोडली, तिला बरोबरची खूण दिली. वर्ग काय खूश झाला म्हणून सांगू!

तेव्हा 'टेक म्हणजे घेणे' एवढं घोकून भागत नाही. औषध घेण्याला टेक चालतं. पण फोटो आपण काढतो, आंघोळ करतो, प्रवासाला दोन तास लागतात; इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी टेक! 'टेक अ बस' म्हणजे बस विकत घ्यायची नाही हं, बसनं जायचं. धाकट्या भावाला शाळेत न्यायचं तरी टेकच. घरी आणायचं झालं की मात्र 'ब्रिंग'.

शेपूट लावलं की आणखी गंमत. 'टेक ऑफ' म्हणजे विमानानं उडायचं आणि आपण बूट काढायचे. 'ही अगदी आईवर गेलीय' म्हणायला 'टेक आफ्टर'. तिथे 'गो' वापरलंत तर आईची काही खैर नाही!

आणि आपण एखाद्याची फिरकी घेतो ना, तेव्हा इंग्रज चक्क त्याचा पाय ओढतो!