जुनी गाडी, अमेरिकन गॅरेज – भाग ६ : ०.४ मिलिमीटरचं भोक

मागच्या आठवड्यात एअरबॉक्सशी झटापट करून चारही कार्ब्युरेटर, पट्टीला जोडलेले तसेच्या तसे, गाडीतून बाहेर काढले होते. तेव्हापासून ते टेबलावर जुन्या टॉवेलवर पडलेत. आज ते उघडायचे.

आधी गाडीची तक्रार पुन्हा एकदा आठवू. १९७४ सालची होंडा सीबी ७५०. चोक ओढला की सुरू व्हायची, चोक सोडला की मान टाकायची. सुरू असताना मी चारही एक्झॉस्ट पाइपांवर बाटलीतून थेंब थेंब पाणी टाकून पाहिलं. तीन पाइपांवर चर्र झालं आणि वाफ उडाली. तिसऱ्या नंबरच्या पाइपावर थेंब नुसता ओघळत खाली आला. ॲक्सिलरेटर वाढवला की मात्र तोही सिलिंडर जागा व्हायचा. प्लगला ठिणगी चांगली होती, हे आपण चौथ्या भागात तपासलं होतं. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेत, आणि तोही एकाच वाटेत.

कार्ब्युरेटरला पेट्रोलच्या वाटा एकाहून जास्त असतात, हे लक्षात आलं की अर्धं निदान तिथेच होतं. लहानपणी घरात डास मारायचा फ्लिटचा पंप असायचा, तो आठवा. दांडा दाबला की हवा डब्यातल्या नळीच्या तोंडावरून जोरात जायची, तिथला दाब कमी व्हायचा आणि औषध आपोआप वर चढून फवारा उडायचा. कार्ब्युरेटर हेच करतो, फक्त दांडा दाबायचं काम इंजिनाचा पिस्टन करतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ते प्रमाण गाडी उभी असताना, चढावर आणि सुसाट धावताना सांभाळायचं, म्हणून वाटा वेगळ्या. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मेन जेट, मधल्या टप्प्यात स्लाइडला टांगलेली निमुळती नीडल आणि आयडलिंगला पायलट जेट. चोकशिवाय सुरू न राहणारी, पण पळताना बरी वागणारी गाडी बहुतेक वेळा पायलट जेटकडे बोट दाखवते.

तो का तुंबतो, याचं उत्तर ओहायोच्या हिवाळ्यात आहे. इथे नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजात झाकून ठेवतात. रस्त्यावर बर्फ आणि त्यावर टाकलेलं मीठ असतं, त्यात जुनी मोटरसायकल कोण काढणार? त्या महिन्यांत फ्लोट बाउलमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहतो तो चिकट, तपकिरी थर. त्यात अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. लिटरमागे चहाच्या चमच्याएवढं पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात आणि पितळेवर हिरवी, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. आता भारतातही २० टक्के इथेनॉल आलं आहे. साताऱ्या-कोल्हापुराकडे घरात राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट जपून ठेवलेल्यांनी हा परिच्छेद स्वतःसाठीच आहे असं समजावं.

आता हात घालू. पण त्याआधी एक सांगतो, ते मनावर घ्या. इथल्या पुष्कळ घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजातच असतो आणि त्याची ज्योत जमिनीपासून फार उंच नसते. पेट्रोलची वाफ जड, ती जमिनीलगत पसरते. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा, नाहीतर हे काम अंगणात करा. डोळ्यांवर चष्माही हवा. क्लीनरचा फवारा एका भोकात मारला की कुठल्या भोकातून आपल्या तोंडावर येईल सांगता येत नाही.

स्क्रू जपानी आहेत. दिसतात साध्या चार फुलीच्या स्क्रूसारखे, पण खाच जेआयएस या जपानी मापाची. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएस पेचकसाचा एक संच घ्या. पन्नास वर्षं जागचा न हललेला स्क्रू त्याने सुटताना जो 'टक्' आवाज येतो, तो ऐकण्यासारखा आहे. फ्लोटची पिन अडकली असेल तर हातोडी लावू नका. ती धरणारे बारीक खांब तुटले की आख्खी बॉडी गेली. भेदक तेल सोडून रात्रभर थांबा.

तिसऱ्या कार्ब्युरेटरचा बाउल उघडला तेव्हा तळाशी जुन्या काकवीसारखा थर होता. पायलट जेट काढला, पुसला आणि दिव्यासमोर धरला. यावर ४० आकडा असतो, म्हणजे भोक ०.४ मिलिमीटर. इतर तिघांतून टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश आला. यातून काहीच दिसलं नाही. आख्ख्या गाडीचं रडगाणं तेवढ्या काळोखात होतं.

तिथे ड्रिल किंवा कडक तार खुपसायचा मोह होतो. पितळ मऊ असतं, भोक जराही मोठं झालं तर जेट कायमचा बिघडला. मी गिटारची सगळ्यात बारीक तार वापरतो, साधारण पाव मिलिमीटरची. तीही जेट क्लीनरमध्ये रात्रभर भिजल्यावर, हलक्या हाताने. बॉडीसाठी अल्ट्रासॉनिक टबात गरम साबणपाणी. आधी सगळी रबरं काढून घ्यायची. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो हळूच आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते कागदावर लिहायचं. टबातून बाहेर आल्यावर मात्र खरी परीक्षा असते. पायलट जेटच्या जागी फवाऱ्याची नळी धरून दाबली की स्लाइडच्या पुढे, गळ्याच्या तळाशी असलेल्या सुईएवढ्या भोकांतून धार यायलाच हवी. धार आली नाही तर बॉडी कितीही चकाकत असली तरी ती साफ झालेली नाही. माझ्या तिसऱ्या बॉडीला तीनदा टबात जावं लागलं.

यापुढचं मत माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. दुकानात 'रीबिल्ड किट' मिळतं. त्यात रबरी रिंगा, गॅस्केट, फ्लोट व्हॉल्व्ह आणि नवे जेट, नीडल असं सगळं येतं. दोन वर्षांपूर्वी मी असं एक किट आणलं आणि सगळं नवं ते चांगलं म्हणून जुनं पितळ डब्यात टाकलं. महिनाभर गाडी काळा धूर ओकत होती. शेवटी भिंगाखाली पाहिलं. किटच्या जेटवर आकडा ४०च होता, पण जी तार कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कीहीनच्या मूळ जेटमधून जात नव्हती ती यातून सुळकन गेली. मूळ जेट झिजला नसेल तर त्याला हात लावू नका. रबर बदला, पितळ धुवा. सोळा पितळी तुकडे पुन्हा बसवायला माझे दोन शनिवार गेले. सीबी ७५० जवळजवळ दहा वर्षं बनली, चार लाखांहून जास्त, त्यामुळे मूळ पितळ अजून मिळतं. दर जुलैला इथे लेक्सिंग्टनजवळ मिड-ओहायोच्या ट्रॅकवर जुन्या मोटरसायकलींचा मेळा भरतो. तिथल्या बाजारात टोपल्यांत कार्ब्युरेटर पडलेले असतात. भाजी निवडावी तसे लोक ते निवडतात.

जोडताना फ्लोटची उंची २६ मिलिमीटर. कार्ब्युरेटर उलटा करून नव्हे, तिरका धरून मापायची, म्हणजे फ्लोटचं टोक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला नुसतं टेकतं, दाबत नाही. मग चारही स्लाइडखाली ३ मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा सरकवून बघायचा. चारही ठिकाणी तो सारखाच घासत गेला पाहिजे.

साताऱ्याला आमच्या आळीतले मिस्त्री म्हणायचे, "अरे, कचरा कार्बोरेटरात पिकत नाय, वरून येतो. आदी टाकी बघ." म्हणून गाडीवर चढवण्याआधी टाकी रिकामी केली. खाली लालसर गंज होताच. टाकी धुतली, नवा फिल्टर टाकला.

रविवारी सकाळी चोक ओढून बटण दाबलं. दोन मिनिटांनी चोक सोडला. गाडी सुरूच राहिली. बाटली घेऊन तिसऱ्या पाइपावर थेंब टाकला. तो पाइपावरच नाचला आणि नाहीसा झाला.

आयडलिंग अजून सरळ नाही, चौघं आपापल्या तालात ओढतायत. पुढच्या आठवड्यात चार व्हॅक्यूम गेज लावून त्यांना एका तालात आणू.