भिंतीवाचून शेजार

शेजारधर्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन घरे आणि मधली सामाईक भिंत उभी राहते. पण ज्यांना भिंतच नाही, त्यांचा शेजारधर्म कसा चालत असेल? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. आमचे गाव दिघाशी, तालुका भिवंडी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत अधिक झाले. त्यामुळे पुस्तकी व्याख्येपेक्षा पाहिलेले सांगणे आम्हांस सोपे जाते.

भिवंडीचा यंत्रमाग कामगार बहुधा परमुलखातून एकटा आलेला असतो. एका खोलीत अनेकजण पाळीने झोपतात. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच चटईवर आडवा होतो. जेवण भिशीत, आणि पैसे पगार झाल्यावर. काम सुटले किंवा आजारपण लांबले की आधी भिशीची उधारी थकते, मग खोली जाते, आणि तोच माणूस पुलाखाली येतो. म्हणजे बेघर ही काही निराळी जात नव्हे. आपल्यातलाच कामकरी माणूस दोन पायऱ्या खाली घसरला, एवढेच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर मोजली गेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक शहरांत होती.

ही माणसे एकमेकांना तीन प्रकारांनी धरून असतात. पहिला प्रकार राखणीचा. दाराला कडी नाही, म्हणून एकजण झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. गाठोडे, पोर आणि कागदपत्रे यांवर शेजाऱ्याची नजर असते. दुसरा उसनवारीचा. नाक्यावर काम मिळाले नाही त्या दिवशी चूल पेटत नाही. तेव्हा ज्याला रोज मिळाला तो पावाचे दोन तुकडे करतो. उद्या आपली पाळी आहे हे त्याला ठाऊक असते. तिसरा साक्षीचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. ‘हा माणूस कोण?’ असे कोणी विचारले तर ‘मी याला ओळखतो’ असे सांगणारे कोणीतरी लागते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पुलाखाली हमालांना युनियनचे सभासद करून घेण्यास गेलो होतो. एक वृद्ध हमाल तापाने फणफणलेला. पलीकडच्या चुलीवरची बाई, रक्ताचे नाते नाही, त्याला इस्पितळात घेऊन निघाली होती. आम्हीही बरोबर गेलो. कागद भरणाऱ्याने नाते विचारले. ती म्हणाली, ‘शेजारीण.’ त्याने पत्ता विचारला, आणि तेथे सगळेच अडले. आम्ही पावती-पुस्तक घेऊन त्यांना संघटना शिकवावयास गेलो होतो. ती त्यांच्यात आधीच होती.

याचे मोठे उदाहरण मुंबईत भायखळ्याच्या परिसरात घडले. तेथील पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ साली ‘महिला मिलन’ उभी केली. रोज जमेल तेवढी शिल्लक गोळा करावयाची आणि अडीअडचणीला त्यातूनच कर्ज द्यावयाचे, ही तिची रीत. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. म्हणून रंगीत कागदाच्या तुकड्यांवर त्यांनी रकमांचा हिशेब ठेवला. वर्षानुवर्षे एकमेकींची पोरे सांभाळली होती, म्हणूनच पैशाच्या बाबतीत विश्वास बसला.

आता मुख्य मुद्दा. बेघर माणसे एकमेकांना सांभाळतात, तर मग शासनाने काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. हे बरोबर नाही. शेजारीण तापावर पाण्याची पट्टी ठेवील. औषध कोठून आणील? उलट, वस्ती उठविली जाते तेव्हा पालाच्या काठ्यांबरोबर ही राखण, उसनवारी आणि साक्षही मोडते, आणि तिची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे म्हटले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत मुदत दिली. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक, बारा महिने उघडा राहणारा निवारा असावा, असे बजावले.

निवारा हवाच. पण नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे, आणि कामाचा नाका चार कोस दूर, असा निवारा रिकामाच राहील. तो नाक्याजवळ असावा, कुटुंबाला एकत्र राहता यावे, गाठोडे ठेवावयास कुलपाची जागा असावी, आणि इस्पितळात दाखविता येईल असा पत्ता त्यातून मिळावा. कोण कोणाशेजारी राहील, हे त्यांनाच विचारावे.

आपण नगरवासी आहोत. पदपथ मोकळा करा, असे अर्ज आपल्याच सह्यांनी जातात. पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी ‘ही माणसे एकत्र कोठे जातील?’ एवढा प्रश्न त्याच अर्जात लिहावा, इतकीच आमची विनंती आहे.