पहिल्या धारेची

पुण्यात २००९ साली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. काचेपलीकडे टाक्या दिसतात, तिथेच बीअर तयार होते आणि तिथेच विकली जाते. नोकरीसाठी पुण्याला गेलेली आपली मुले सुटीत घरी आली की तिचे कौतुक सांगतात. पण वाचकहो, लहान प्रमाणावर, ज्याची त्याने स्वतंत्रपणे दारू गाळणे ही सोलापूरला नवलाची गोष्ट नाही. शहराच्या आसपासचे ओढे, माळ आणि तांडे हातभट्टीसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखले गेले. फरक इतकाच की ब्रुअरीला परवाना असतो, तिची तपासणी होते. भट्टीत काय शिजते ते भट्टीवाल्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही पुरते ठाऊक नसते.

छाप्याच्या बातमीत 'गूळमिश्रित रसायन नष्ट केले' असे वाक्य हमखास असते. हे रसायन म्हणजे पाण्यात कालवून आंबवलेला गूळ. त्यात नवसागर घालतात, कल्हईवाला वापरतो तोच. त्याने किण्व जोमाने वाढते. बीअरही अशीच आंबवून होते, मात्र ती तिथेच थांबते. तिच्यात साधारण पाच ते आठ टक्के मद्यार्क असतो. भट्टीत हेच आंबवण पिंपात उकळून त्याची वाफ थंड करतात, त्यामुळे मद्यार्क कितीतरी पटीने वाढतो. किती, ते आज एक, उद्या दुसरे. म्हणून "डॉक्टर, एकच ग्लास घेतो" या वाक्याला आमच्या लेखी काहीच अर्थ नसतो. त्यात नळी आणि डबे डाग दिलेल्या पत्र्याचे असले तर शिसेही उतरू शकते, ते निराळेच.

पिणाऱ्यांत पहिल्या धारेचा मोठा मान. ती सर्वांत कडक असते हे खरे. पण घसा जाळणारे, डोके दुखवणारे हलके पदार्थही त्याच धारेत जास्त उतरतात. दुसरी समजूत काडी लावून पाहण्याची: पेटली तर अस्सल. ही समजूत प्राणघातक आहे, कारण मिथेनॉलही पेटते.

मिथेनॉल म्हणजे कारखान्यात रंग, रसायने यांसाठी वापरला जाणारा मद्यार्क. गुळाच्या आंबवणात तो नगण्य असतो. दारू झटपट कडक करण्यासाठी किंवा स्वस्तात वाढवण्यासाठी कोणी तो बाहेरून मिसळतो, आणि मग माणसे शेकड्यांनी आजारी पडतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे अशी गेली. जून २०२४ मध्ये तामिळनाडूत कळ्ळकुरिची येथे साठाहून अधिक. रंग, वास, चव यांवरून तो ओळखता येत नाही.

त्याची खरी लबाडी वेळेत आहे. पिताना नेहमीसारखीच नशा होते, माणूस घरी येऊन झोपतो. यकृत मिथेनॉलचे हळूहळू फॉर्मिक आम्ल करते आणि हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. याला बारा ते चोवीस तास लागतात. सोबत साधी दारूही पोटात असेल तर आणखी उशीर, कारण यकृत आधी तिच्यामागे लागते. दुसऱ्या दिवशी डोके दुखते, पोटात कळा येतात, उलट्या होतात, धाप लागते. घरचे म्हणतात, जास्त झाली असेल, पडू दे. पण "समोर धुके दिसते", "पांढरे पांढरे दिसते" असे तो म्हणाला की एक मिनिटही थांबू नका. उतारा म्हणून त्याच बाटलीतला घोट देऊ नका. लिंबू-ताक करत बसू नका. त्याला सरळ सिव्हिलला किंवा डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. काय प्यायला, केव्हा प्यायला हे खरे सांगा आणि उरलेली बाटली सोबत न्या. यावर उतारा देणारी औषधे आहेत, डायलिसिसने विष काढता येते. गेलेली नजर परत येईलच असे मात्र नाही. त्याच्यासोबत पिणाऱ्यांनाही बरे वाटत असले तरी बोलावून तपासून घ्या.

२०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. मुळेगाव तांड्याचे नाव तेव्हा सर्वत्र झाले. नुसते छापे न घालता अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतले, भट्टीवाल्यांना दुसरा धंदा मिळावा म्हणून खटपट केली. बैलांवर मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाणांचा व्यापार रेल्वेने बुडवला. त्यांच्यापुढे पोटाचा दुसरा मार्ग ठेवणे हेच शहाणपणाचे होते, असे माझे मत आहे.

पण भट्टी बंद झाली की गाळणाऱ्याइतकाच पिणाराही उघड्यावर पडतो, आणि त्याचा विचार कोणी करत नाही. वीस वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, दोन दिवसांत झटका येऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, रात्रभर बडबडतो, कपडे ओढतो. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेतात. ही बाधा नव्हे, हा मेंदूचा तातडीचा आजार आहे. उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. दारू सोडायची ती आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन सोडावी.

आणि एक. असा रुग्ण आला की नातेवाइकांचा पहिला आग्रह "सलाईन लावा". पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व जवळजवळ संपलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा पेशंट दारू पितो हे डॉक्टरांना आधी सांगा. गावात ऐकू जाईल याची लाज वाटत असेल तर कानात सांगा.